माळेतला रानटाकळा

आमच्याकडं नवरात्रात घटावर रोज माळ चढते ती तरवडाच्या फुलांची. बाजारातल्या झेंडूला सासूबाईंच्या राज्यात थारा नाही. लग्न होऊन भोकरदन तालुक्यातल्या या गावात आले तेव्हापासून ती फुलं आणायचं काम माझं. पहिल्याच वर्षी चुकून रानटाकळा तोडून आणला, तर सगळीच्या सगळी माळ उकिरड्यावर गेली. वर चार बायकांत ऐकवलं, "डोळे माहेरी ठिवून आलीस का?"

तेव्हापासून शिकले. दोन्ही पिवळे, दोन्हीला पाच पाकळ्या, बांधावर शेजारी शेजारी उगवतात. पण तरवडाचं पान बारीक, टोकाला गोल. रानटाकळ्याचं लांबट अन् टोकदार, आणि चुरगळलं की असा वास येतो की हात घासून धुतल्याशिवाय भाकरी खाववत नाही. तरवडाची शेंग चपटी, पापडासारखी पातळ. आता नुसतं फूल हातात दिलं तरी मी सांगते, कारण तरवडाची पाकळी कडेला चुणीदार असते. हे मला कुणी शिकवलं नाही, बोलणी खाऊन आलं.

मंग धाकटी जाऊ आली. जालन्याची पोर, हसरी, तोंडानं गोड. फोनवर बोलता बोलता पोळी करपवते आणि सासूबाई म्हणतात, "आसू दे, शिकंल." मला असं कधी म्हटलं का? बिलकुल नाही. जळते मी तिच्यावर, त्यात लपवायचं काय?

गेल्या नवरात्रात सासूबाईंनी सांगून टाकलं, आपले गुडघे गेले, पुढच्या वर्षीपासून घट सुनेनं बसवायचा. कोणत्या सुनेनं, ते काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, आज मी आणते फुलं," आणि मी हो-नाही म्हणायच्या आत चपला घालून गेलीसुद्धा. ऊन चांगलं चढल्यावर आली, लालबुंद होऊन. माळ ओवली, घटावर चढवली, फोटो काढून स्टेटसला टाकला.

मी जवळ जाऊन पाहिलं. रानटाकळा! अर्धीअधिक माळ रानटाकळ्याची! खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. शेजारी टेकले अन् हळूच म्हटलं, "आत्याबाई, माळ बघितली का? तरवड न्हाई ती."

"ठावं हाय. दारातून आली तवाच तिच्या हाताला वास आल्ता."

"मंग काढू का?"

"कशाला? पोरगी उन्हातान्हात हिंडून आली. ऱ्हाऊ दे आज."

मला राहवलं नाही. "मी पण उन्हातूनच आणत होते की!"

"तू तर आणणारच गं." त्यांनी मान वर केली. "अन् फुडल्या साली घट बी तूच बसवायचा. तिला काय जमतंय? त्यात इचारायचं काय?"

मिळाला म्हणायचा घट. तेवढ्यात धाकटी पाणी प्यायला आत आली. सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली, तिला जवळ बसवून घेतलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि विचारलं, "लई ऊन लागलं का गं?"

अंगाचा नुसता जाळ झाला माझ्या. अगदी ओठांवर आलं होतं, घट द्या तिलाच, पण एकदा, एकदाच, मला पण विचारा, ऊन लागलं का म्हणून.