शिंगाची नखी

राळेगावच्या उकंडाला शिंगाची शिसारी होती. जित्या म्हशीच्या डोक्यावर शिंग दिसलं तर त्याची काही तक्रार नसायची, तिथं ते शोभतंच. पण कोणी शिंग कानशीनं घासायला बसलं, की तो केस जळल्यासारखा वास उकंडाच्या नाकात शिरायचा. तोंडाला धोतराचा सोगा लावून तो दुसऱ्या वाटेनं जायचा. आणि अशा माणसाच्या बेंजोला सारा तालुका गोड म्हणायचा, तो गोडवा शिंगातूनच यायचा. नशिबाला खोड्या करायला माणसं बरोबर सापडतात.

बेंजो म्हणजे हातभर लांब सागवानी पेटी. डाव्या हातानं गुंड्या दाबायच्या, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. उकंडाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून तारा तो ब्रेकची केबल उसवून त्यातल्या बारीक बारीक निवडून लावायचा. त्यांच्या खाली जुन्या घोंगडीची पट्टी सारायची, म्हणजे आवाज भांड्यासारखा झणझणत नाही, जरा दबून, गळ्यातून आल्यासारखा येतो. हे सगळं खरं. पण खरी करामत नखीची. ती त्याच्या बापानं शिंगातून कापून, घासून, तेल पाजून केलेली. काळी, चिंचोक्याएवढी.

ते शिंग पाटलाच्या भुऱ्या म्हशीचं. त्या म्हशीला उकंडा रोज नाल्यावर न्यायचा, ती त्याच्या हाकेला मान वळवायची. वैशाखात ती मेली आणि पाटलाकडून सांगावा आला तो तिसऱ्या दिवशी. मेलेलं ढोर ओढायचं काम त्या वेळी उकंडाच्या वस्तीच्या माथी होतं. पुढचा दोर बापाच्या हातात, मागचा उकंडाच्या. पोट फुगलेलं, माशांचा नुसता घोंगाट, आणि ज्या शिंगाला धरून तो तिला पाणी पाजायचा त्यालाच दोर बांधलेला. त्या दिवशी उकंडा तीनदा ओकला. आठ दिवसांनी बापानं मोठ्या कौतुकानं नखी हातात दिली. बापाला नाही कसं म्हणणार? वाजवली, तर वस्तीतल्या बाया हातातलं काम टाकून दारात आल्या. त्यात तुळसाबाईही होती. पुढं तिचं त्याच्याशीच लग्न झालं.

छप्पन साली सारी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. मेलेल्या ढोराला यापुढं हात लावायचा नाही, असं ठरलं. घरोघरचे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडायचे, असंही ठरलं. उकंडानं आपल्या देवांच्या गाठोड्यात ती नखीही टाकली. गाठोडं तुळसाबाईच्या डोक्यावर होतं. नदीवरून परत येताना त्याला आंघोळ केल्यासारखं हलकं वाटलं.

मग त्यानं तुटक्या फणीची नखी केली. हात तोच, तारा त्याच, घोंगडीही तीच. पण आवाज आला तो डब्यात खडे हलवल्यासारखा. लोक चांगले, तोंडावर काही बोलले नाहीत. ते घरी जाऊन बोलले. सहा वर्षं उकंडा गायन पार्टीत तसाच वाजवत राहिला.

बासष्ट साली पार्टीचे गायक सदाशिवराव गुरुजी नाचतच दुकानात आले. त्यांच्या दोन गाण्यांची रेकॉर्ड निघणार होती. यवतमाळला एका खोलीत मशीन येणार, नागपूरचा मशीनवाला येणार. उकंडानं त्या दिवशी तीन पंक्चर काढले आणि तिन्ही ठिगळं उलट्या बाजूनं चिकटवली. तोवर वाजवलेलं सगळं हवेत गेलं होतं. हे राहणार होतं.

यवतमाळच्या खोलीला खिडक्यांवर गोधड्या टांगलेल्या, भर दुपारी आत नुसती भट्टी. तुळसाबाई बहिणीकडं आली होती, ती भिंतीला टेकून बसली. मशीनवाल्यानं एकच माईक मधोमध ठेवला. उकंडानं चार ओळी वाजवल्या आणि मशीनवाल्यानं कानावरचं ऐकायचं यंत्र काढून तोंड असं केलं, जसा नासक्या दुधाचा घोट घेतलाय.

"गुरुजी, हे काय वाजून राह्यलं? अशानं रेकॉर्ड कोणी घेनार नाई. गावात दुसरा बेंजोवाला हाय का? बोलवा."

गुरुजींनी उकंडाकडं पाहिलं नाही. तेच वाईट होतं.

तेव्हा तुळसाबाईनं कमरेची चंची सोडली. सुपारी, कात, चुन्याची डबी, लवंगा बाजूला केल्या आणि तळातून चिंध्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

"घ्या जी," ती म्हणाली.

काळी. चिंचोक्याएवढी.

"हे कुठून आलं?" उकंडानं विचारलं.

"गाठोड्यातून काढून ठेवलं होतं. देव गेले तं गेले. नखीनं काय केलं होतं कोनाचं?"

"सहा वर्सं? या चंचीत?"

"मंग काय शिंक्यावर टांगू?"

उकंडाला एकदम आठवलं, की सहा वर्षं रोज जेवण झालं की तो याच चंचीतून सुपारी खातोय. तो धडपडत बाहेर नळावर गेला, खळखळून चुळा भरल्या, जीभ बोटानं घासली, परत चुळा भरल्या. आत ढोलकीवाला फकिरा हसून हसून आडवा झाला.

"उकंडादादा, माह्या ढोलकीले का केळीचं पान लावलं हाय? चामडंच हाय ना?"

"तुले ते दुकानात भेटलं रे," उकंडा तोंड पुसत म्हणाला. "म्या त्या म्हशीले वळखत होतो."

फकिरा उठून बसला आणि ढोलकीची दोरी आवळू लागला.

"एक डाव घे रे बाबा," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "रेकॉर्डमंदी शिंग दिसते का कोनाले? उद्या मी सोता नदीत टाकतो."

उकंडानं घेतली. तारेवर एकच ओळ वाजवली. आणि तो आवाज आला! गोल, दमदार, आंबेमोहोर भातासारखा. मशीनवाला उठून उभा राहिला. तुळसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि उकंडाच्या नाकात तो वास आला, हातात दोर आला, माशा आल्या. त्यानं नखी जमिनीवर ठेवली, विंचू ठेवावा तशी.

"नाई होनार. मले वक येते."

"तं मी दुसरा बोलवू का?" मशीनवाला म्हणाला.

उकंडानं उजव्या हाताचा अंगठा पाहिला. टायर उखडायला त्या नखाचा उपयोग व्हायचा, म्हणून ते तो वाढू द्यायचा. जाड, पिवळं, चांगलं दणकट होतं. "बोलवा," तो म्हणाला, "पन आधी हे आइका." आणि नखानंच तार छेडली. शिंगाइतकं गोड नव्हतं, पण डबाही नव्हता. मशीनवाल्यानं यंत्र कानाला लावलं, जरा मान वाकडी केली आणि माईक वीतभर बेंजोकडं सरकवला. "चला, घ्या. लवकर. माह्या अंगाचं पानी होऊन राह्यलं."

पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात ब्रेकच्या तारेनं नखाला चीर पाडली. तिसऱ्यात नख अर्ध्यातून उलटलं आणि उकंडा उघड्या मांसानं वाजवत राहिला, दात आवळून, कारण आता थांबला असता तर सगळंच गेलं असतं. गाणं संपलं तेव्हा पांढऱ्या गुंड्यांवर लाल ठिपके होते. मशीनवाल्यानं ते पाहून तोंड फिरवलं. "दुसऱ्या गान्याले दुसरा बेंजोवाला बोलवा," एवढंच म्हणाला.

तुळसाबाईनं खाली पडलेली नखी उचलली, नळावर गेली आणि मोरीच्या भोकात टाकून वरून बादलीभर पाणी ओतलं. परत येऊन तिनं पदर फाडला आणि त्याचा अंगठा बांधला.  

रेकॉर्ड आली. राळेगावच्या चहाच्या दुकानात ती वाजायची तेव्हा लोक म्हणायचे, पहिल्या गान्याच्या शेवटच्या कडव्यात बेंजो लय दूर गेल्यासारखा वाटते, घराबाहेर बसून कोनी वाजवते जसा.  उकंडाच्या अंगठ्याचं नख पुढं वाकडंच वाढलं.

सुपारी मात्र तो तुळसाबाईच्या चंचीतून खायचा. पण आधी म्हणायचा, "उलटी करून दाखव." आणि ती रोज, जेवण झालं की, त्याच्यासमोर चंची उलटी करून झटकायची.