पाणचक्कीच्या नकाशावरचे नाव

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचे. दोरीने भिंत मोजून तिचा नकाशा काढायला त्यांनीच शिकवले. आज एका जुन्या वाड्याच्या तळघरात ओल्या दगडांचा वास आला आणि नेदरलँड्सच्या दक्षिणेकडची एक मध्ययुगीन पाणचक्की आठवली. मी तेव्हा तिथल्या विद्यापीठात जुन्या इमारतींच्या जतनाचे शिक्षण घेत होतो. शत्रूने धान्य लुटू नये म्हणून त्या चक्कीचाच किल्ला केला होता: दोन हात जाड भिंती, खाली पाण्याचे चाक, वर बाण मारायच्या चिंचोळ्या फटी. पाच शनिवार गारठ्यात मी एकट्याने मापे घेतली. सर्वोत्तम नकाशा काढणाऱ्याला चक्कीच्या दुरुस्तीच्या कामावर नोकरी मिळणार होती. विभागात पुण्याचे एक सिनियर होते, त्यांना मी दादा म्हणायचो. मोठ्यांचे नाव आधी, या आपल्या रीतीने मी नकाशावर त्यांचे नाव शाईने घातले, माझे खाली पेन्सिलीने, आणि तो विभागात जमा करायला त्यांच्याच हाती दिला. प्रदर्शनात पाहिले, तर माझे नाव खोडलेले होते. डच प्राध्यापकबाई दादांचे अभिनंदन करत होत्या. त्या गेल्यावर मी विचारले, तेव्हा दादा हसले. “अरे, तुझं-माझं काय करतोस? घरचेच ना आपण!” नोकरी त्यांनाच मिळाली. तेव्हा सरांना मी ‘नकाशा सगळ्यांना आवडला’ एवढेच कळवले होते. आज मात्र पत्र पाठवले: ‘सर, तो नकाशा मी काढला होता. हे निदान तुम्हाला तरी माहीत असावे.’