आक्काची आणि माझी उंची

आमच्या घराण्यातल्या बायका बुटक्या. आई, आत्या, चुलतबहिणी, सगळ्याच. गावात कुणी थट्टा केली की आत्या स्वतःच आधी हसायची, "खाण तशी माती. आमचं रक्तच आखूड हाय."

तिसगावजवळच्या आमच्या कोरडवाहू रानात दिवाळीपर्यंतच काम असायचं. पुढे आई आणि आमचे वडील, दादा, ऊसतोडीला जायचे आणि आम्ही दोघी बहिणी त्यांच्याबरोबर. आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी पाच वर्षांची असताना उसाच्या फडावर तापाने आजारी पडले, म्हणून बेलापूरहून मावशी बघायला आली. पाचटाच्या कोपीत, आमच्या झोपडीत, बसून तिने आईला सांगितलं, "एक तरी पोरगी मला दे. शाळेत घालते."

आईने आधी आक्काकडे पाहिलं. तिचं शाळेचं वय निघून चाललं होतं. पण आक्का म्हणाली, "हिलाच न्या. मी गेल्यावर पानी कोन आनील?"

ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

मावशीकडे दोन गाई होत्या, परसात कोंबड्या. सकाळी दूध, शाळेत खिचडी, रात्री पोटभर जेवून झोप. आक्का मात्र त्याच वर्षांत पहाटे उठून पाण्याच्या कळश्या वाहायची, नंतर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवायची. चटणी-भाकरीवर दिवस निघायचा. दर उन्हाळ्यात मी गावी यायचे तेव्हा थोडी वाढलेली असायचे. चौदाव्या वर्षी मी तिला मागे टाकलं. दादा म्हणाले, "मावशीवर गेली पोरगी." मावशी तर आईपेक्षाही ठेंगणी!

बारावीनंतर मी पोलीस भरतीचा अर्ज भरला. नगरच्या मैदानावर आक्का माझ्यासोबत आली, तिची चार वर्षांची लेक कडेवर घेऊन. रांग हळूहळू सरकत होती.

"टाचा टेकव. मान सरळ," मोजणाऱ्या बाई म्हणाल्या. डोक्यावर पट्टी टेकली. "एकशे अठ्ठावन्न. पात्र. चल, पुढं."

एकशे पंचावन्न लागत होती. कुंपणापलीकडे आक्काने असा हात उंचावला की लेक घसरता घसरता राहिली.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "आक्का, तुला माझा राग येतो का गं?"

"येत हुता," ती म्हणाली. "तुला लहान झालेल्या चपला तू मला द्यायचीस ना, तवा लई यायचा." मग ती हसली, आणि मला मात्र रडू फुटलं. तिने पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसंच.

घरी दादांनी बातमी ऐकली. त्यांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "एकाच कनसाचं बी," ते म्हणाले. "एक पाटाच्या कडंला पडलं, एक खडकावर. उगीच रक्ताला नावं ठेवत बसलो." आत्या तिथेच होती. तिने उठून आक्काच्या लेकीपुढे दुधाची वाटी ठेवली.

माझी निवड झाली. पण खरी बाजी मारली ती आक्काने. त्या वर्षी तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "माझी लेक फडावर येनार न्हाई, आन् मी बी न्हाई." तोडीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून शाळेत वसतिगृह सुरू झालं होतं. तिथे तिने स्वयंपाकाचं काम धरलं.

परवा सुट्टीत मी तिला भेटायला गेले. शाळेच्या ओट्यावर ती हेडमास्तरांपुढे हातात भाताचा डाव घेऊन उभी होती. जेमतेम त्यांच्या खांद्याला लागत होती.

"आक्का, आज अंडी कमी आलीत. अर्धं-अर्धं वाढा," ते म्हणाले.

"अर्धं न्हाई, सर. पोरास्नी अख्खंच मिळनार. तुमी मानूस पाठवा, तवर पोरं भात खातील."

हेडमास्तरांनी खिशातून मोबाईल काढला आणि आणखी अंडी आणायला माणूस पाठवला. आक्काने मुलांना ओळीत बसवलं आणि भात वाढायला घेतला.