सुभेदारसाहेबांची दुसरी कारकीर्द

दूरच्या कुठल्याशा देशात, एकेकाळी रणगाडे रस्त्यावर आणून सत्ता बळकावलेला जनरल पुढं निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला, अशी बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी खो खो हसलो होतो. शेजारचे चाचा माझ्याकडं चहाला आले होते. त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरांचं दुकान आहे, आणि दुनियेची खबर त्यांना आधी असते. ते म्हणाले, "हसू नका भाईसाब. आपल्याला काय कमी शौक आहे का?"

त्या वेळी पडेगावातल्या आमच्या कॉलनीत निवृत्त सुभेदारसाहेबांची पहिली राजवट चालू होती. ती आली एका रविवारी. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरून हमरीतुमरी चालली होती. साहेब उठले, टेबलावरचं रजिस्टर काखोटीला मारलं आणि म्हणाले, "बास. आता मी बघतो." त्यांना कुणी निवडलं नव्हतं, पण रजिस्टर परत मागायलाही कुणी गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला शिट्टी वाजू लागली. घरटी एक माणूस पिंपाशेजारी सावधानमध्ये उभा. बनियनवर आलेल्या एका मास्तरांना साहेबांनी रांगेत शेवटी पाठवलं, आणि मास्तर शर्ट घालून निमूट शेवटी उभे राहिले. आमच्या शहरात नळ आठ-आठ दिवस कोरडा असतो. पाणी मिळत असेल तर माणूस सलामही ठोकतो.

मीही ठोकला असता. पण साहेबांनी रस्त्याच्या कडेनं चुन्याची रेघ मारली, आणि माझ्या दारातला पेरू त्या रेघेच्या दीड वीत बाहेर निघाला. टँकर वळताना फांद्या आडव्या येतात म्हणून झाड तोडायचा हुकूम सुटला. तो पेरू माझ्या वडिलांनी दौलताबादहून रोप आणून लावलेला. शेवटच्या आजारात ते दिवसभर त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या हातचं तेवढंच माझ्याकडं उरलं होतं.

मग मला लोकशाहीचा पुळका आला. मी सहकार खात्याकडं चार पानी तक्रार केली: सभासदांचे हक्क, घटना, हुकूमशाही, सगळं घातलं. पेरूचा उल्लेख तेवढा केला नाही. साहेबांना रजिस्टर सोडावं लागलं. कॉलनीनं मला हार घातला, पेढे वाटले, आणि आम्ही स्वतंत्र झालो.

स्वातंत्र्यात पहिल्याच टँकरला दोन पिंपं फुटली. ज्याचा आवाज मोठा त्याला पाणी. एक कमिटी सहा महिन्यांत राजीनामा देऊन मोकळी झाली, दुसरीच्या अध्यक्षानं घरच विकलं. शेवटी निवडणूक लागली, आणि माझी बायको म्हणाली, "तुमच्या लोकशाहीनं धुणं निघत नाय. जावा, साहेबांना उभं करा."

गेलो. लाज गुंडाळून गेलो. साहेब इस्त्रीच्या पायजम्यात बसले होते. मी आधी पेरूचं काय ते विचारलं.

"मी आता हुकूम देत नाय," ते म्हणाले. "सभा ठरवील ते."

केवढा बदलला माणूस! मला भरून आलं. सूचक म्हणून मी तिथंच सही केली. चिठ्ठ्यांनी मतदान झालं, साहेब दणक्यात अध्यक्ष झाले आणि मला त्यांनी सचिव केलं. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "मुबारक हो भाईसाब, जनरल साब आ गए."

पहिल्याच सभेत चौथा विषय पेरूचा होता. आमच्या कॉलनीची एक रीत आहे. सभेत भांडणं कितीही होवोत, ठराव मांडला की कुणी 'नाही' म्हणत नाही. पोहे खायचे, मान डोलवायची आणि जे काही बोलायचं ते नंतर फाटकाशी. म्हणून आमचा प्रत्येक ठराव सर्वानुमते. साहेब अदबीनं म्हणाले, "माझं काही म्हणणं नाय. टँकर वळावा असं वाटतं त्यांनी हात वर करा." दरसाल माझे पेरू नेणाऱ्या मास्तरांचा हात पहिला वर गेला. चाचांनी माझी नजर चुकवत हात वर केला. बायकोनं जमिनीकडं बघत केला.

साहेब माझ्याकडं वळले. "सचिव?"

सगळी सभा बघत होती. माझ्या मांडीवर पोह्यांची बशी होती. एकट्यानं हात खाली ठेवायची सवयच नाही हो आम्हाला. मी बशी डाव्या हातात घेतली आणि उजवा वर केला. ठरावही मीच लिहिला.

सकाळी करवतवाला आला. तासाभरात झाड आडवं झालं. टँकर एका दमात वळला, आणि कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. मी फांद्या गोळा करायला वाकलो तेव्हा मला वडिलांच्या आठवणीनं स्वतःची इतकी शरम वाटली की मान वर करवेना.

"लाकूड कुणाच्या दारात टाकू?" करवतवाल्यानं विचारलं. "झाड कुणाचं व्हतं?"

"सोसायटीचं," मी म्हणालो.