कचेरीत घेतलेलं नाव

दोंडाईच्याच्या फलाटावर सुरतेची पॅसेंजर लागली तेव्हा माझ्या कडेवर मनीषा होती, पायाशी भांड्यांचं गाठोडं होतं आणि सासूबाई कानाला लागून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होत्या. तिथे कुणी विचारलं तर नवऱ्याचं नाव हिलाल सांगायचं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ही काय सांगायची गोष्ट झाली? नवऱ्याचं नाव मला विचारणार कोण आणि मी ते घेणार कधी? आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. लग्नात बायकांनी उखाण्यात घ्यायला लावलं ते मी पदराआड पुटपुटले, तेही वाजंत्रीत बुडून गेलं. त्यानंतर 'अहो', 'ऐका ना' आणि मनीषा झाल्यावर 'मनीषाचे वडील'. एवढ्यावर अख्खा संसार चालतो.

तुमच्यापैकी जे आमच्यामागून सुरतेला आले त्यांना हे नावाचं प्रकरण समजावून सांगायला नको. जे गावात राहिले त्यांच्यासाठी सांगते. हिलाल म्हणजे माझे चुलत जेठ, नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. ते सुरतेच्या एका कापड मिलमध्ये कायम कामगार होते. त्यांना शहर मानवलं नाही, सदा खोकला, आणि जीव सगळा शेतात. कायम नोकरी सोडून देणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं. मग घरात बसून ठरलं की त्यांनी गावी परतायचं, आमच्या वाट्याची जमीन कसायची, आणि त्यांच्या जागेवर आमच्या घरातल्यांनी, म्हणजे मनीषाच्या वडिलांनी, मिलमध्ये उभं राहायचं. मुकादम आपल्याच भागातला, त्याने डोळे मिटून घेतले. मिलच्या कार्डावर तेव्हा फोटो नसायचा. असं त्या काळात कितीतरी जण करत होते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. घरातलंच काम घरातल्याच माणसाने केलं, एवढीच आमची समजूत.

तर सुरतेच्या लिंबायत भागातल्या त्या एका खोलीत मी उतरले ती हिलालभाईंची बायको म्हणून. शेजारची कोकिळाबाई, पलीकडचा गुजराती किराणावाला, नळावरच्या बाया, सगळ्यांच्या तोंडी हिलालभाई. पहिले काही दिवस कुणी दारात उभं राहून 'हिलालभाई छे के?' म्हणालं की मी डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. वाटायचं, जेठच आले. मग आतून आमची स्वारी लुंगी सावरत बाहेर यायची आणि मला हसू दाबता यायचं नाही. रेशन कार्डही मिलच्या चिठ्ठीवरून निघालं, त्यामुळे त्यावरही हिलाल उत्तम, आणि खाली पत्नी म्हणून मी. गावी गेले की जाऊबाई, हिलालभाईंची खरी बायको, चिडवायच्या, "कागदवर तू मनी सवत शे." आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

सुरतेने मला घाई शिकवली. गावात दिवस ढकलावा लागतो, इथे दिवसच माणसाला ढकलतो. पहाटे पाण्याची रांग, मग डबा, मग पाळीचा भोंगा, मग साड्यांचे धागे कापायला बसायचं. साड्यांचे गठ्ठे रिक्षातून गल्लीत यायचे आणि बाया ओट्यावर पाय पसरून कात्री चालवायच्या. मी 'केम छो' म्हणायला शिकले, भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करायला शिकले, आणि मनीषा तर मराठी शाळेत जाऊनही गल्लीत गुजरातीतच भांडायची. मला गावाची आठवण यायची ती बहुतेक करून दुपारी, कात्री थांबली की. म्हणून मी कात्री थांबूच द्यायची नाही.

प्लेगच्या साली अख्खं लिंबायत पळालं, तेव्हा आम्हीही पळालो. गावात महिनाभर होतो. सगळ्यांनी जीव लावला, पण आमच्या वाट्याच्या जमिनीत जेठांनी विहीर खोल केली होती, बांध घातले होते, लिंबं लावली होती. आमच्या घरातले एकदा सकाळी शेतात जाऊन आले आणि चपला काढून ओसरीवर बसले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तिथे आता आपल्याला करण्यासारखं काही उरलं नाही. कुणी जा म्हटलं नव्हतं. तरी सुरत उघडल्याचं कळताच पहिल्या गाडीला बसणाऱ्यांत आम्ही होतो.

आणि मग मिल बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल करत फाटकावर माणसं बसायची. एके दिवशी फाटकाला सील लागलं आणि माणसं उठून गेली. मी तुम्हाला खरं सांगते, कामावर जाणारा पुरुष घरात बसला की खोली अर्धी होते. ते भिंतीला टेकून बसायचे, उठायचे, दारात जायचे, परत यायचे, मडक्यातलं पाणी प्यायचे, पुन्हा दारात. त्यांचे पाय थांबत नसत आणि माझा जीव थाऱ्यावर नसे. माझी कात्री चुकून साडीत जायची. पॉवरलूमच्या खात्यांत आधीच माणसांची गर्दी, त्यात वय चाळिशीकडे झुकलेलं, कुणी उभं करेना. परत जावं तर जमीन देऊन बसलो होतो. जेठांची मिल बुडाली आणि आमचं शेत आमचं राहिलं नाही, असा तो व्यवहार शेवटी येऊन ठेपला. मनीषा तेव्हा नववीत होती. दहावीपर्यंत तरी तिला हलवायचं नाही, एवढं एकच मी धरून ठेवलं होतं.

अशात बातमी आली की बंद मिलच्या कामगारांना सरकार काही काळ दरमहा मदत देणार. गल्लीत त्याला 'बेकारी भथ्थुं' म्हणायचे. मजूर कचेरीत अर्ज द्यायचा, साहेब चौकशी करणार, मग महिना सुरू. आमच्या घरातल्यांना आधी ते रुचलं नाही. बसून खायचे पैसे कसले घ्यायचे, म्हणाले. मी म्हटलं, बसून राहताच आहात, खाल्लं तर काय बिघडलं? जेठांना निरोप गेला. त्यांचा उलटा निरोप आला की माझं नाव आहे, खुशाल सांगा, माझं काही म्हणणं नाही.

मग तयारी सुरू झाली. कोकिळाबाईचा नवरा त्याच मिलमधला, तो गल्लीतल्या आणखी दोघांना घेऊन रोज यायचा, साहेब बनायचा आणि आमच्या घरातल्यांना प्रश्न टाकायचा. बापाचं नाव? उत्तम. जन्म? भरती कोणत्या खात्यात? मुकादम कोण? पोपटासारखी उत्तरं यायची. सही जेठांच्या वळणाची घटवून घेतली. चौघा पुरुषांनी मिळून एकही फट ठेवली नाही. मी तिथेच चहा करत होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, आणि मलाही वाटलं नाही की पाहायला हवं.

कचेरीत त्या दिवशी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवशी एकाच नावावर दोन भाऊ अर्ज घेऊन आले होते आणि तिथेच त्यांची जुंपली होती. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं होतं की बायकोला घेऊन या, रेशन कार्ड घेऊन या. आम्ही आत गेलो. साहेब पिकल्या केसांचे, सुरतीच, चष्मा कपाळावर. त्यांनी आमच्या घरातल्यांना तीन-चार गोष्टी विचारल्या, धडाधड उत्तरं मिळाली. साहेबांचा हात शिक्क्याकडे गेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घरवाल्याचं नाव काय म्हणून विचारलं.

मी पदर दातात धरला. कोकिळाबाई मागेच उभी होती, ती चटकन पुढे झाली. आपल्यात तशीच रीत आहे, बाई अडली की शेजारची नाव सांगते, नाहीतर मूल सांगतं. साहेबांना ती रीत ठाऊक होती, त्यांच्यातही आहे. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेन, अहीं तो तमारे ज बोलवुं पडे."

मीच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की नाव येत नाही. तुम्ही बायका असाल तर समजेल. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तसं जेठाचंही घ्यायचं नसतं. जेठाच्या सावलीवरून आम्ही जात नाही. त्या माणसाचं नाव घ्यायचं, आणि तेही माझा नवरा म्हणून, भरल्या कचेरीत, मागे अख्खं लिंबायत उभं असताना! कागदावर तेरा वर्षं मी ते वागवलं, जावेबरोबर हसले. पण जिभेवर ते ठेवायचं म्हणजे वेगळं होतं. समोर शिक्का होता, मनीषाचं वर्ष होतं, हे सगळं मला दिसत होतं. आमच्या घरातले खाली बघत होते. ओठ हलत होते त्यांचे, हिलाल, हिलाल, म्हणजे मला आठवण करून देत होते. मला विसर थोडाच पडला होता!

मी म्हटलं, "लोटन."

आवाज मोठा निघाला. माझा मलाच तो परका वाटला. मग थांबवेना, "लोटन भिका" असं बापासकट म्हणून मोकळी झाले.

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून रेशन कार्ड पुन्हा पाहिलं. पोलिसात देता आलं असतं त्यांना. त्यांनी अर्ज उचलला, माझ्या हातात परत दिला, आणि म्हणाले की हा तुम्ही आणलाच नव्हता, जा. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कोकिळाबाईच्या नवऱ्याने कपाळावर हात मारला.

आम्ही चालत निघालो. रिक्षाला पैसे घालायची आता आमची ऐपत नव्हती. ते पुढे, मी मागे. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. आता ते ओरडणार, मग मी म्हणणार की चौघे बापे बसला होतात, एकाला तरी सुचलं का मला विचारायचं? माझ्याकडे सगळं तयार होतं. लिंबायतचं गरनाळं आलं, रेल्वेखालचा तो ओला बोगदा, आणि तिथे ते थांबले. मीही थांबले. वरून मालगाडी जात होती. ती त्यांनी जाऊ दिली.

मग मागे न वळता म्हणाले, "आखो एक डाव म्हन."

मला आधी कळलंच नाही काय म्हणायचं ते. त्यांना ते नाव पुन्हा ऐकायचं होतं. तेरा वर्षं त्या माणसाला या शहरात कुणी त्याच्या नावाने हाक मारली नव्हती, आणि मी, जी बारा महिने समोर होते, तीही मारू शकत नव्हते. मी पुन्हा म्हटलं, या वेळी हळू. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतरचं सगळं काही गोड नाही. खोली सुटली, आम्ही नवागामला त्याहून लहान खोलीत गेलो. मी दोन ठिकाणचे धागे घेऊ लागले. ते पलसाण्याला एका डाइंग युनिटमध्ये लागले, रंगाच्या टाक्यांवर, वाफेत. तिथे त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. पण गंमत बघा, फाटकावरचा माणूस 'लोटनभाई' म्हणून हाका मारायचा आणि हे बाजूने निघून जायचे. बाजारात कुणी दुसऱ्याच हिलालला हाक मारली की मात्र गर्रकन वळायचे. अजूनही कधी कधी वळतात. मनीषा दहावी झाली, बरे गुण पडले. भथ्थ्याचे पैसे मिळते तर ती पुढे शिकली असती का, हा प्रश्न मी रात्रंदिवस चघळला आहे. त्या पैशांनी इतर घरं तरली, हेही खरं. मनाला स्वस्थता अशी नाहीच.

घरात, दार लावलं की, मी त्यांना नावाने हाक मारते. लोटन, चहा झाला. लोटन, पाणी आलं, बादली घ्या. सुरुवातीला दोघांनाही लाज वाटायची, मनीषा तोंडाला ओढणी लावून हसायची. आता सवय झाली. दाराबाहेर मी पुन्हा 'अहो' म्हणते.

गेल्या अक्षय तृतीयेला गावी गेलो होतो. आखाजीचे झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या, जाऊबाईंनी पुरणाचे मांडे केले, जेठांनी लिंबं पोतं भरून दिली. सगळं छान होतं. तिसऱ्या दिवशी मात्र मी बेचैन झाले, अंगणात येरझारा घालू लागले. ते ओसरीवर बसले होते. त्यांना म्हटलं, "अहो, चला, आते घर जाऊत."

सासूबाई सुपात गहू पाखडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं, हाताने सगळं घर दाखवलं आणि विचारलं, "मंग हाई काय शे?"

मी पिशव्या भरायला घेतल्या. त्यांच्यासमोर लेकाचं नाव घेता आलं असतं, तर घर कुठलं ते सांगितलं असतं.