अँथनीची रिकामी चक्कर

मी गाव सोडलं तो सोमवार होता. कुडाळच्या एस.टी. स्टँडवर पोचवायला तिघं आली होती: आई, वडील आणि धाकटा भाऊ बंड्या. वडिलांनी माझ्या खिशात तीनशे रुपये कोंबले आणि म्हणाले, "खर्च लिहीत जा, म्हणजे कमी होतो." गाडी सुटताना आईने फक्त पिशवीतला डबा सरळ धर, अशी खूण केली. डब्यात आंबोळ्या होत्या आणि चटणी गळत होती.

गावात मी भजनाला पखवाज वाजवायचो. तो देवळातच राहिला. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉस्टिंगचा क्लार्क झालो. आधी कुर्ल्याला मामेभावाकडे राहिलो, लग्नानंतर मुलुंडला वन रूम किचन घेतलं. पहिली काही वर्षं माझं वाजवणं म्हणजे ऑफिसच्या टेबलावर बोटं. त्या बोटांवरूनच अँथनीने मला पकडलं. तो आमच्या स्टोअर्समध्ये होता. मूळचा गोव्याचा, राहायला बोरिवलीच्या गावठाणात, आणि रविवारी घराच्या ओट्यावर मित्र जमवून जॅझ वाजवायचा. त्याचा सॅक्सोफोन होता. एकदा चलनं घेऊन आला आणि सही मागायची सोडून माझ्या बोटांकडे बघत बसला.

"परब, तू मनात मोजतो ना रे?"

"मोजतो."

"मग रविवारी घरी ये. आमचा बासवाला दुबईला गेला. बास कोपऱ्यात उभा आहे, त्याला माणूस पाहिजे."

बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन, उभं धरून बोटांनी छेडायचं. तिशी ओलांडल्यावर मी ते शिकायला घेतलं. सूर लागेना, बोटांना फोड आले. अँथनी म्हणायचा, "सूर सोड यार, तू आधी जागेवर राहा. तू हलला की आमची वाट लागली." ते मात्र मला जमत होतं. हळूहळू सूरही लागले.

जॅझमध्ये धून आधी सगळे मिळून वाजवतात. मग तेवढ्याच मापात एकेक जण स्वतःला सुचेल ते वाजवतो, आणि बास नि ड्रम खालून माप धरून ठेवतात. त्या एका फेरीला आम्ही चक्कर म्हणतो. आमच्यातला कोणी गेला की त्याच्या आठवणीच्या दिवशी त्याची आवडती धून वाजवायची आणि त्याची चक्कर रिकामी सोडायची, ही ओट्याची जुनी रीत. त्या वेळात वरून कोणी काही वाजवत नाही. फक्त बास आणि ड्रम चालू राहतात. नवखा श्रोता गोंधळतो, कधी टाळ्याही वाजवतो.

गेल्या वर्षी अँथनी गेला. महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, ओट्यावर जमायचं ठरलं, आणि त्याच रविवारी माझ्या वडिलांच्या श्राद्धाची तिथी आली. तिथी हलत नाही. मिस्साची वेळही चर्चने दिलेली. वडील गेल्यापासून मी एकही वर्ष चुकवलेलं नव्हतं. इथे बास वाजवणारा दुसरा कोणी नव्हता, आणि बासाशिवाय रिकामी चक्कर म्हणजे नुसतं गप्प बसणं.

बंड्याला फोन केला. तो वैतागला. "दादा, थोरला तू. बाबांचं पान तू ठेवायचं. आणि तू तिकडे इंग्लिश बाजा वाजवणार?"

मग आईने त्याच्याकडून फोन घेतला.

"तुझो बापूस आता खंय पळान जाणा नाय. पान बंड्या ठेवीत. त्या माणसाचो हो पयलोच म्हयनो मां? तू थंय जा."

मी बोरिवलीला गेलो.

ओट्यावर अँथनीची बायको लोर्ना दारातल्या खुर्चीत बसली होती. महिनाभर ती कोणाशी धड बोलली नव्हती. ट्रम्पेटवर कांबळे होता, घाटकोपरचा, वडिलांच्या लग्नाच्या बँडमध्ये शिकलेला. धून झाली. अँथनीची चक्कर सुरू झाली. मी माप धरलं, ड्रमवाला तारेच्या ब्रशने हलकं वाजवत होता. इतकी वर्षं मी अँथनीच्या सुरांखाली वाजवत आलो होतो, पण तिथे वर किती जागा असते ते तेव्हा कळलं. चक्कर संपली. आता कांबळेने उचलायचं होतं. त्याने ट्रम्पेट ओठांना लावला आणि आवाजच आला नाही. थांबणं शक्य नव्हतं. मी पुन्हा सुरुवातीला गेलो आणि रिकामी चक्कर दुसऱ्यांदा फिरवली. तिच्या शेवटी कांबळेने उचललं.

वाजवून झाल्यावर लोर्ना उठून आली.

"बरं केलं तुम्ही दोन दिल्या. एका चक्करमध्ये त्याचं कधी भागलं? जेवायला बोलावून बोलावून माझा घसा सुकायचा."

आणि ती हसली. कांबळे खरं सांगायला तोंड उघडत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला. चुकीची नोंद माझ्या हातून सहसा राहत नाही, ही मी राहू दिली.

नंतर चहा घेताना कांबळे हळूच म्हणाला, "ओठच बसले नाहीत रे."

संध्याकाळी आईला फोन केला. तिने पान नीट झालं म्हणून सांगितलं आणि मी जेवलो का विचारलं. मी लोर्नाकडे पुलाव जेवलो होतो.

गाव कुठलं असं कोणी विचारलं तर मी अजून कुडाळच सांगतो. पण माझ्या मागे माझी जागा कोण मोकळी ठेवील असं विचारलं, तर आता मला दोन पत्ते द्यावे लागतील. गाव सोडून आलेल्या कित्येकांचं असंच असेल. जे गावात बसून हे वाचतील, त्यांनी यात रागावण्यासारखं काही मानू नये.

परवा ओट्यावर हाच विषय निघाला. कांबळे म्हणाला, "परब, तू गेलास की तुझी चक्कर रिकामी सोडायची कशी? मोजणाराच नसणार."

मी म्हटलं, "ते तुम्ही बघा."

लोर्ना आतून ट्रे घेऊन येत होती. "त्यात काय एवढं? त्या दिवशी सगळ्यांनी पायाने मोजायचं," ती म्हणाली, आणि पहिला कप मला दिला.