नाईक, हजर आहे काय?

मला जन्मतःच धीर नाही. याडी, म्हणजे माझी आई, म्हणते की माझ्या पायाला भिंगरी आहे आणि जिभेला धार. वर्गात शिकवतानाही मी एका जागी उभी राहत नाही, खिडकीपासून दारापर्यंत माझ्या येरझाऱ्या चालूच. यवतमाळच्या एका महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, आणि त्या सत्रात माझ्या वाट्याला जुन्या इंग्लंडचा पेपर आला होता. दुसऱ्या कुणाला तो नको होता, एवढंच त्यामागचं कारण.

त्यातलं एक प्रकरण होतं अँग्लो-सॅक्सन काळातल्या सरदारांचं आणि राजाच्या अधिकाऱ्यांचं. जमिनी बाळगणारा, लढाईला माणसं नेणारा सरदार तो थेन. राजाचा सारा गोळा करणारा, न्यायसभा भरवणारा अधिकारी तो रीव्ह. आणि या दोघांच्या खालचा साधा स्वतंत्र शेतकरी तो चर्ल. मी फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले आणि सांगितलं की तेव्हा खटला पुराव्यापेक्षा शपथेवर चालायचा, आणि एका थेनच्या शपथेचं वजन सहा चर्लांच्या शपथेइतकं धरत.

मागच्या बाकावरची झरीकडची एक मुलगी म्हणाली, “मंग आता का वेगळं हाय जी, मॅडम? आमच्या गावात तर सहालेही कोनी इचारत नाही.”

वर्ग हसला. मीही हसले. पुढचं वाक्य मी हौसेनं तयार करून आणलं होतं: थेन या शब्दाचा मूळ अर्थ नोकर. राजाच्या वाड्यात वाढणारा, हाताखाली राबणारा माणूस. राबता राबता त्याला जमीन मिळाली, जमिनीबरोबर मान मिळाला, आणि नोकराचा शब्द सरदाराचा शब्द होऊन बसला. हे सांगितलं आणि मी खिडकीशी थांबले. एवढी थांबले की पहिल्या बाकावरच्या मुलानं विचारलं, “मॅडम, बरं नाही का?”

मला माझे बा आठवत होते. बा आमच्या तांड्याचे नाईक. तांडा म्हणजे आमची बंजाऱ्यांची वस्ती, आणि नाईक म्हणजे तिचा प्रमुख. आजा नाईक, पणजा नाईक. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखच्या मुलूख तुडवायचो, तेव्हापासून हा मान आमच्या घरात आहे. आता बैल गेले, शेती आली, पण होळी पेटवायची ती नाईकाला विचारून, सोयरीक जुळवायची ती नाईकाला बसवून, आणि दोन भावांत बांधावरून जुंपली तर शेवटचा शब्द नाईकाचाच.

आणि हेच बा तालुक्याच्या कचेरीत शिपाई. नोकरी लागली तेव्हा आजा हयात होता, म्हणून कुणाला त्यात खटकलं नाही. पुढे आजा गेला, पागोटं बांच्या डोक्यावर आलं, आणि काही वर्षांनी कचेरीत त्यांना बढती मिळाली. शिपायाच्या वरच्या त्या पदाचं सरकारी नाव आहे नाईक. बढतीचा कागद मी तांड्यात वाचून दाखवला, तर एक म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणाला, “आमी तं कवाचेच म्हनून राह्यलो. सरकारले आत्ता मालूम पडलं का?”

सगळे हसले. बा सगळ्यात जास्त हसले. मला मात्र तेव्हाच कुठेतरी टोचलं होतं. तिकडे नोकराचा शब्द चढत चढत सरदार झाला, आणि आमचा सरदाराचा शब्द उतरत उतरत पाण्याच्या ग्लासापाशी आला. हे मी वर्गात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असंही नाही, परीक्षेत विचारत नाहीत.

त्याच दिवसांत वाटेचं प्रकरण तापलं होतं. आमच्या तांड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत एकच वाट, आणि ती शेजारच्या गावच्या पाटलांच्या शेताच्या कडेनं जाते. कापूस त्याच वाटेनं निघतो, बाळंतीण त्याच वाटेनं दवाखान्यात जाते, पोरं एसटी गाठायला त्याच वाटेनं पळतात. कापसाची वेचणी संपली आणि पाटलांनी वाटेवर आडवा चर खोदला. इथं वाट कधी नव्हतीच, असं त्यांचं म्हणणं. अशा भांडणाचा निवाडा तहसीलदार करतात, म्हणून तांड्यानं अर्ज दिला. अर्जदार कोण? तांड्याचे नाईक. तारीख लागली ती बांच्याच कचेरीत, ज्या दाराशी ते दिवसभर स्टुलावर बसतात त्याच दाराच्या आत.

मी दर शनिवारी घरी जायचे आणि एकच धोशा लावायचे. “बा, त्या दिवशी रजा घ्या. घरचे कपडे घाला, पागोटं बांधा, आणि नाईकासारखे जा.”

“बघू,” बा म्हणायचे.

“बघू काय? पाटील वकील आणतो आहे.”

“आणू दे नं. वकिलाले काय वाट माहीत हाय?”

बांच्या या थंडपणाचा मला मनस्वी राग यायचा. घर पेटलं तरी हा माणूस आधी विडी विझवेल. पण तांड्यातही कुजबुज सुरू झाली होती, आणि ती माझ्या कानावर यायची. नाईक सरकारचं मीठ खातो, साहेबासमोर त्याची मान वर होईल काय? ज्यांच्या भांडणात बांनी रात्र रात्र बसून तोड काढली, तेच आता बोलत होते. बा तिथं गप्प राहिले असते तर वाट गेली असती, आणि वाटेबरोबर आमच्या घरातलं नाईकपणही गेलं असतं. कुणी पागोटं काढून घेत नाही, पण विचारायला येणं बंद होतं. ते बांनाही ठाऊक होतं. ते फक्त बोलत नव्हते.

शेवटी त्यांनी रजेचा अर्ज दिला. कचेरीत शिपायांची कामं वाटून देणारा कारकून असतो, त्याला नाझर म्हणतात. त्यानं अर्ज वाचला आणि मोठ्या खुशीत विचारलं, “अहो, तुमची केस इथंच, तुम्ही रोज इथंच, मंग रजा कायले पायजे?” दुसरा शिपाई मोजणीच्या कामावर बाहेर गेलेला. बांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. मला हे कळलं तेव्हा मी फोनवर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तारखेच्या दिवशी मी कॉलेजला दांडी मारून पहिली एसटी धरली. कचेरीच्या व्हरांड्यात तांड्यातली पंधरा-वीस माणसं आधीच येऊन बसली होती. याडी ठेवणीतली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, खांबाला टेकून बसली होती. पाटील वकिलाबरोबर दुसऱ्या टोकाला उभे होते. उन्हाचा ताव असा की कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता. बसवेना म्हणून मी उभी राहिले, उभं राहवेना म्हणून फाटकापर्यंत जाऊन आले, झेरॉक्सच्या दुकानात उगाचच दोन कागदांच्या प्रती काढल्या.

“पोरी, बस नं एका जागी,” याडी म्हणाली. “तुले पाहूनच माहा जीव घाबरून राह्यला.”

बा पांढऱ्या गणवेशात दाराशी होते. एकदा फायली घेऊन माझ्याजवळून गेले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. चहाचा ट्रे आत गेला, रिकामा बाहेर आला. पाटलांनी त्यांना हाक मारून वेळ विचारली आणि बांनी ती सांगितली. मला तर वाटलं, घ्यावा तो ट्रे आणि फेकावा रस्त्यावर.

मग आतून नाव आलं. पुकारा करणं हे बांचंच काम. ते दारात उभे राहिले, गळा साफ केला आणि कचेरीच्या त्यांच्या त्या लांबट आवाजात ओरडले, “गैरअर्जदार, पाटील, हजर आहे काय?”

“आहे,” वकील म्हणाला.

“अर्जदार, तांड्याचे नाईक, हजर आहे काय?”

आमची माणसं बांच्या तोंडाकडे बघत राहिली. तीनदा पुकारून कुणी बोललं नाही तर अर्ज गैरहजेरीत निकाली निघतो, हे मला माहीत होतं. बांनी दुसऱ्यांदा पुकारलं. पुकारून ते स्वतःच दोन क्षण थांबले, जणू खरंच कुणी येतंय का ते पाहत होते. मी ओरडणारच होते, तेवढ्यात बा हळूच, आमच्या गोरबोलीत म्हणाले, “म छूं.” मी आहे.

वकील फिस्सकन हसला. बांनी पडदा बाजूला केला, आधी पाटलांना आत जाऊ दिलं, मग आम्हाला, आणि शेवटी स्वतः आले.

तहसीलदार मॅडम तरुण होत्या, कोकणाकडच्या, बदली होऊन आलेल्या. वाईट नव्हत्या, पण कामाखाली दबलेल्या. बांशी त्या दोन शब्दांत बोलायच्या: नाईक, पाणी. नाईक, फाईल. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “नाईक, अर्जदार कुठे आहे?”

“हा काय, मॅडम.”

“आत बोलवा ना त्यांना.”

“आतच हाय, मॅडम. मीच तो.”

आता त्यांनी मान वर केली. वकिलानं संधी साधली. तांड्याचा नाईक असं कुठलं पद कायद्यात नाही, आणि हे गृहस्थ याच कार्यालयाचे कर्मचारी आहेत, वगैरे. मॅडमनी बांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “वाट वापरणाऱ्याला अर्ज करता येतो. समोर या. काय ते सांगा.”

बा दाराजवळून टेबलासमोर आले. पाटलांच्या शेजारी, एका रांगेत. “मॅडम,” त्यांनी सुरुवात केली, “या वाटेनं माह्या बापाची गाडी गेली, या वाटेनं त्याची तिरडी गेली...”

टेबलावरचा फोन वाजला. मॅडमनी तो उचलला, कानाला लावता लावता दुसऱ्या हातानं सवयीनं शिपायाला बोलवायची घंटी दाबली.

बा वाक्यात मध्येच थांबले. त्यांचं अंग आपोआप वळलं आणि पाय दाराकडे चालू लागले. इतक्या वर्षांची सवय ती. पाटील खाली बघून हसले. आमच्या माणसांनी माना खाली घातल्या, याडीनं पदर तोंडावर ओढला. मला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेचा इतका संताप आला, की नखं तळव्यात रुतली. बा पडद्यापाशी पोचले. पडद्याला हात लावला. आणि उलटे फिरून आपल्या जागी येऊन उभे राहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “आत्ता मी अर्जदार हाय. पानी मंग आनतो.”

मॅडमनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा लालसर झाला होता. रागानं की कशानं, मला कळेना. त्यांनी घंटीवरचा हात काढून घेतला, हातातलं पेनही खाली ठेवलं.

“बोला, नाईक,” त्या म्हणाल्या.

रोजचाच शब्द, पण त्यांनी तो पहिल्यांदाच थांबून उच्चारला. बा बोलले. तांड्याच्या बैठकीतल्या आवाजात बोलले, सावकाश, कुणाला न घाबरता. वकिलानं दोनदा अडवलं, दोन्ही वेळा मॅडमनी त्यालाच थांबवलं. निकाल आठवड्याभरात लागला, चर बुजला, वाट मोकळी झाली. तांड्यात त्या रात्री बोकड कापला. हे सगळं झालं, आणि होणं महत्त्वाचंच होतं.

पण माझ्या डोळ्यांसमोर येतं ते त्या दुपारचं. बोलणं संपलं, मॅडमनी मान हलवली, आणि बांनी कपाळावरचा घाम पुसून टेबलावरचा रिकामा ग्लास उचलला. आमची माणसं दारापर्यंत दाटीनं उभी होती. ती दोन्ही बाजूंना सरकली, म्हाताऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या नीट केल्या, वाट दिली, आणि त्या वाटेनं आमचे नाईक पाणी आणायला गेले.